कळ येथें, अक्षर तेथें



गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडावर एक परिचित गृहस्थ माझ्या घरीं आले. आमच्या लहानशा ग्रंथालयाचा छापील अहवाल त्यांच्या हातांत होता. ग्रंथालयाला पुस्तकें देणाऱ्यांची यादी त्या अहवालांत असते, व तींत त्यांच्या दिवंगत वडिलांचें नांव होतें. नांवाच्या ऐन मध्यावर तीन भलतींच अक्षरें, त्यांपुढें चौकोनी कंस व त्याला चिकटून रोमन लिपींतील 'डी' हें अक्षर असें लागोपाठ तीन वेळां, आणि मग शुद्ध अक्षरें, असा तो प्रकार छापला गेला होता. "गुरुजी, ह्यां काय?" एवढेंच ते म्हणाले. त्यांच्या स्वरांत राग नव्हता. राग असता तर मला बरें वाटलें असतें.

यादी मींच तयार केली होती. पडद्यावर ती स्वच्छ दिसत होती, म्हणून मुद्रितें न तपासतां तशीच छापखान्यांत गेली. हें कसें घडलें याचा शोध घेतांना जें शिकावें लागलें, तेंच आज आपणांपुढें ठेवणार आहें. आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें, पुतणे, भाचे आज अशाच रीतीनें दूरच्या संगणकावर काम करतात. कांहीं श्रोते स्वतःहि करीत असतील.

आमची नोंदवही मालवणांत नाहीं. ती पुण्यांतील एका संगणकावर आहे व त्याची व्यवस्था माझा भाचा पाहतो. मी मालवणास माझ्या टेबलापाशीं बसून कळा दाबतों आणि अक्षरें तेथील वहींत उमटतात. माझा येथला संगणक ही केवळ खिडकी आहे. या खिडकीला टर्मिनल म्हणतात. दोहोंमधली वाट ज्या पद्धतीनें सुरक्षित राखली जाते तिचें नांव एसएसएच. ती १९९५ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठांत तातु इलोनेन यांनीं तयार केली. तोंपर्यंत लोक ज्या वाटेनें जात, तींत गुप्त शब्दहि उघड्या पोस्टकार्डासारखा जात असे.

आतां मुख्य गोष्ट. कळ दाबली म्हणजे अक्षर जातें अशी आपली समजूत असते. तसें नाहीं. कळ दाबली म्हणजे एक अंक जातो. आपल्या देशांतील तारसेवा २०१३ च्या जुलै महिन्यांत बंद झाली. त्यामुळें तरुण श्रोत्यांनीं तारमास्तर पाहिला नसेल. तो रोमन 'ए' हें अक्षर पाठवीत नसे. एक आंखूड व एक लांब ठोका पाठवीत असे. पलीकडच्या मास्तरापाशीं तेंच कोष्टक असेल तर तो 'ए' लिहून घेई. त्यानें क्रम उलटा धरला तर तोच संदेश 'एन' होई. दोघांचेंहि कोष्टक एक असणें, यांत साऱ्या तारखात्याचें मर्म होतें.

दूरच्या संगणकावर असा एक पलीकडचा मास्तर खरोखरच बसलेला असतो. मी त्याला ओळीचा कारकून म्हणतों. माझ्याकडून आलेला एकेक अंक तो पाटीवर मांडतो, त्याचा पडसाद माझ्या पडद्यावर पाठवितो, आणि मीं एंटर दाबलें म्हणजे पुरी ओळ आंतल्या कामाच्या हवालीं करतो. तोंपर्यंत ओळ त्याच्याच हातांत असते. खोडाखोड करावयाची ती त्यानेंच; आणि खोडण्याचा अंक कोणता, हें त्याला आगाऊ ठाऊक असावें लागतें. पहिला घोटाळा येथेंच होतो.

खोडण्याचे अंक दोन आहेत, आठ आणि एकशें सत्तावीस. दोन कां, याची हकीकत मला मोठी गमतीची वाटते. १९६३ सालीं अमेरिकेंत आस्की नांवाचें अंकांचें कोष्टक ठरलें. त्यांत शून्यापासून १२७ पर्यंत अंक, प्रत्येक अंक सात खुणांचा. त्या काळीं दूरमुद्रकाचा मजकूर कागदी पट्टीवर भोंकें पाडून साठवीत. पट्टीवर चूक झाली तर पाडलेलें भोंक बुजवितां येत नाहीं. मग काय करावें? त्या जागीं उरलेलींहि सर्व भोंकें पाडून टाकावीं. सातहि भोंकें पडलीं कीं होणारा अंक १२७. आणि वाचणाऱ्या यंत्रानें हा अंक दिसला कीं तो नाहींसा समजावा, असा नियम केला. आम्हीं शाळेच्या हजेरीपत्रकांत चुकलेल्या नांवावर शाईनें गिरमीट करीत असूं, तोच हा प्रकार. आठ हा अंक मात्र खोडण्याचा नव्हेच. तो टंकलेखनयंत्राच्या गाड्याला एक घर मागें आणण्याचा. ज्यांनीं तें यंत्र वापरलें आहे त्यांना ठाऊक असेल कीं मागें सरकण्याची कळ अक्षर पुशीत नसे. ती फक्त पुन्हां त्याच जागीं आणून सोडी.

पुढें पडद्याचीं टर्मिनलें आलीं, आणि एकानें एक अंक धरला, दुसऱ्यानें दुसरा. अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीनें १९७८ सालीं काढलेल्या व्हीटी-१०० या टर्मिनलावर दोन्ही कळा वेगवेगळ्या होत्या. त्याच कंपनीच्या १९८३ मधील व्हीटी-२२० वर उजवीकडील खोडण्याची कळ १२७ पाठवूं लागली. आयबीएमच्या १९८१ च्या घरगुती संगणकाच्या वंशांत मात्र त्याच जागच्या कळेला आठ हा अंक मिळाला. आपल्या समोरचे कळफलक बहुतेक त्याच वंशांतले, आणि दूरचे संगणक युनिक्सच्या वंशांतले. मग भांडण अटळच. डेबियन या लिनक्सच्या मंडळींनीं आपल्या नियमावलींतच लिहून टाकलें आहे कीं मागें खोडण्याच्या कळेनें १२७ द्यावा व डिलीट कळेनें निराळा संकेत द्यावा. तोच पायंडा सर्वांनीं धरावा, असें माझें मत आहे.

भांडण कसें ओळखावें? खोडण्याची कळ दाबली असतां अक्षर जाण्याऐवजीं छत्राचें चिन्ह व त्यापुढें 'एच' उमटला, तर आपण आठ पाठवीत आहोंत व कारकून १२७ ची वाट पाहत आहे. छत्र व प्रश्नचिन्ह उमटलें तर उलट. येथें एक खोड लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आज्ञा लिहिण्याच्या ओळीवर कळ पुष्कळदां ठीक चालते, कारण तेथें कारकुनाला बाजूस सारून एक अधिक हुषार कार्यक्रम ओळ सांभाळतो व तो दोन्ही अंक मान्य करतो. मग आपण समजतों कीं सर्व आलबेल आहे. परंतु गुप्त शब्द विचारला जातो तेव्हां पुन्हां साधा कारकूनच पुढें असतो. तेथें अक्षरें दिसत नाहींत. आपण चूक खोडली असें मानतों, आणि प्रत्यक्षांत आठ हा अंक गुप्त शब्दाचाच एक भाग होऊन आंत जातो. गुप्त शब्द बरोबर असूनहि चुकला म्हणून तीन तीन वेळां दार बंद झालेलें मीं अनुभविलें आहे.

उपाय सांगतों. आज्ञा रोमन लिपींतच लिहावयाच्या आहेत. रेडिओवर त्या दाखवितां येत नाहींत, म्हणून अक्षरें फोडून सांगतों. दूरच्या संगणकावर गेल्यावर एस, टी, टी, वाय अशीं चार अक्षरें, मोकळी जागा, मग वजाचिन्ह व 'ए' लिहून एंटर दाबावें. कारकुनाचे सर्व नियम पडद्यावर येतात. त्यांत 'इरेज' या शब्दापुढें काय आहे तें पाहावें. मग कंट्रोल धरून 'व्ही' दाबावी व लगेच खोडण्याची कळ दाबावी. आपली कळ खरोखर काय पाठविते तें उमटतें. दोन्ही चिन्हें एकच असतील तर तक्रार दुसरीकडे आहे. निराळीं असतील तर तात्पुरता उपाय असा: एसटीटीवाय, मोकळी जागा, इरेज, मोकळी जागा, मग कंट्रोल-व्ही, मग खोडण्याची कळ, मग एंटर. कारकुनानें तेवढ्या बैठकीपुरता आपला अंक शिकून घेतला.

कायमचा उपाय शक्यतों आपल्या बाजूस करावा. पुटी या नांवाचा कार्यक्रम वापरणाऱ्यांना त्याच्या टर्मिनल या सदराखालीं कीबोर्ड म्हणून पान सांपडेल. तेथें खोडण्याच्या कळेसाठीं 'कंट्रोल-एच' व 'कंट्रोल-प्रश्नचिन्ह (१२७)' असे दोन पर्याय दिलेले असतात. दुसरा निवडावा. मॅक संगणकाच्या टर्मिनलांतहि ही निवड आहे. एसएसएच जोडणी होतांना आपल्याकडील खोडण्याचा अंक पलीकडे कळवीत असते. म्हणून हल्लीं बहुधा सर्व आपोआप जुळतें. आमचें जुळलें नाहीं, कारण पुण्याच्या संगणकावर प्रवेशाच्या वेळीं चालणाऱ्या आज्ञांच्या फायलींत कोणीं तरी पूर्वीं 'इरेज म्हणजे कंट्रोल-एच' अशी ओळ लिहून ठेवली होती. त्या कोणाची अडचण त्या दिवशीं भागली असेल. माझी मात्र तेव्हांपासून सुरू झाली. अशा फायलींत उगाच आज्ञा घालूं नयेत, कारण बैठक नसतांना, नुसती एखादी फाईल पाठवितांनासुद्धां त्या चालूं शकतात व भलतीच तक्रार उभी करतात.

आतां माझ्या त्या तीन 'डी' अक्षरांकडे येतों. बाणांच्या कळांना आस्कीच्या कोष्टकांत अंकच नाहींत. म्हणून त्या एकाऐवजीं तीन अंक पाठवितात: प्रथम २७, ज्याला एस्केप म्हणतात, मग चौकोनी कंस, मग एक अक्षर. वर जाण्यास ए, खालीं बी, उजवीकडे सी, डावीकडे डी. व्हीटी-१०० पासून ही रूढि चालत आली आहे. कांहीं प्रसंगीं कंसाच्या जागीं 'ओ' हें अक्षरहि जातें. होम, एंड व वरच्या ओळींतील एफ-कळा यांचे संकेत तर कंपनीगणिक निराळे होते.

साधा ओळीचा कारकून यांतलें कांहीं जाणत नाहीं. नांव लिहितांना माझ्याकडून तीन अक्षरें चुकलीं. खोडण्याची कळ चालत नव्हती, म्हणून मीं डावा बाण तीनदां दाबला व शुद्ध अक्षरें पुन्हां लिहिलीं. कारकुनानें मुकाट्यानें सर्व कांहीं वहींत उतरलें: चुकीचीं अक्षरें, तीन बाण, शुद्ध अक्षरें. लिहितांना पडद्यावर छत्रें व कंस उमटले होते. जातील आपोआप म्हणून मीं दुर्लक्ष केलें. आणि दुसऱ्या दिवशीं यादी पाहिली तों ते खरोखरच गेले होते! कारण यादी पडद्यावर दाखवितांना तो 'डावीकडे जा' हा संकेत माझ्या टर्मिनलानें इमानानें पाळला. तीन घरें मागें जाऊन चुकीच्या अक्षरांवर शुद्ध अक्षरें लिहिलीं. चूक झांकली गेली. छापखान्याच्या यंत्राला असली आज्ञा कळत नाहीं. त्यानें एस्केप गाळला व उरलेलें सर्व छापलें.

बाण समजणाऱ्या कार्यक्रमांनाहि एक गोष्ट सांगावी लागते, ती म्हणजे समोरचें टर्मिनल कोणत्या जातीचें आहे. बर्कली येथें बिल जॉय यांनीं १९७८ सालीं टर्मिनलांच्या गुणधर्मांचा एक संग्रह केला. आज त्याचा वारस टर्मइन्फो नांवानें बहुतेक युनिक्सवर असतो. आपण आंत शिरतांना आपल्या टर्मिनलाचें नांव 'टर्म' या शब्दाखालीं पलीकडे जातें, व कार्यक्रम त्या नांवावरून संग्रहांत पाहतात. नांव खोटें असेल तर बाण, होम, एंड सारेच बिघडतात. नवीं टर्मिनलें स्वतःचीं नवीं नांवें सांगतात व जुन्या संगणकाच्या संग्रहांत तीं नसतात. 'ही जात अज्ञात आहे' असा निरोप येतो. अशा वेळीं आपल्याकडील नोंद तेथें नेऊन बसवावी, हें उत्तम. तें जमत नसेल तर 'एक्सटर्म-२५६कलर' हें जवळचें व सर्वत्र ओळखीचें नांव सांगावें. पुष्कळ लोक हें नांव प्रवेशाच्या फायलींतच ठोकून ठेवतात. तें करूं नये. आमच्याकडे पावसांत जोडणी वारंवार तुटते, म्हणून मी पलीकडे टीमक्स नांवाच्या कार्यक्रमांत काम करतों. जोडणी तुटली तरी आंतली बैठक जिवंत राहते. परंतु टीमक्स हें स्वतःच एक टर्मिनल आहे. त्याच्या आंत बाहेरच्याचें नांव सांगितलें कीं कळा पुन्हां भांडूं लागतात.

येथवरचा भाग जगांतील कोणत्याहि टंकलेखकाचा. मराठीची अडचण याहून पुढची आहे, आणि तिच्याविषयीं इंग्रजी पुस्तकांत थोडें लिहिलेलें असतें.

टर्मिनलावर देवनागरी आणण्याचा मोठा उद्योग पुण्यासच झाला. मोहन तांबे व त्यांचे सहकारी यांनीं कानपूरच्या आयआयटींत सुरू केलेलें जिस्ट नांवाचें काम १९८८ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेंत वाढलें. १९८६ सालीं इनस्क्रिप्ट या कळफलकाची मांडणी सरकारनें प्रमाण ठरविली: डाव्या हाताकडे स्वर व मात्रा, उजव्या हाताकडे व्यंजनें. १९९१ सालीं इस्की या भारतीय लिप्यांच्या कोष्टकाला प्रमाणसंस्थेची मान्यता मिळाली. इस्कींत प्रत्येक चिन्हाला एकच अंक. फक्त तो १२७ च्या वरचा, म्हणजे आठ खुणांचा. 'मालवण' या शब्दाला पांच अंक पुरत. एकदां खोडलें कीं एक चिन्ह जाई. वाटेंत एखाद्या जुन्या नियमानें आठवी खूण छाटली तर मात्र मराठीचा रोमन कचरा होई.

पुढें युनिकोड आलें, आणि १९९२ सालीं केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं तें वाटेवरून पाठविण्याची यूटीएफ-८ ही रीत काढली. आज सर्वत्र तीच चालते. तींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन अंक लागतात. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. 'मालवण' पंधरा अंकांचें. 'सिंधुदुर्ग' हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो. पण वेलांटी, अनुस्वार, उकार व पाय मोडण्याचें चिन्ह निरनिराळें मोजलें म्हणजे दहा चिन्हें व तीस अंक होतात.

आतां आपला ओळीचा कारकून आठवा. त्याला हें सांगितलें नसेल तर तो खोडण्याच्या एका आज्ञेला एकच अंक खोडतो. पडद्यावर एक घर मागें येतें, अक्षर गेल्यासारखें दिसतें, परंतु त्याचे दोन अंक ओळींत शिल्लक राहतात. तेच पुढें वहींत प्रश्नचिन्हांच्या काळ्या चौकटी होऊन उगवतात. माझ्या यादींत अशीं नांवेंहि निघालीं. याच्यासाठीं लिनक्सवर आययूटीएफ-८ नांवाचा नियम आहे. एसटीटीवाय, मोकळी जागा, आय, यू, टी, एफ, आठ असें लिहिलें कीं कारकून तिन्ही अंक एकदम उचलतो. ओपनएसएसएचच्या २०१६ मधील ७.३ या आवृत्तीपासून जोडणीच हा नियम पलीकडे कळवूं शकते. जुन्या संगणकावर आपणच तो लावावा. त्याशिवाय दूरच्या संगणकाची भाषानोंद यूटीएफ-८ प्रकारची असावी. मात्र तेथें मराठी कळफलक बसविण्याची मुळींच गरज नसते, जरी पुष्कळांची तशी समजूत आहे. इनस्क्रिप्ट माझ्या टेबलावर आहे. पुण्यास नुसते अंक पोहोंचतात.

एवढें करूनहि 'र्ग' खोडण्यास तीन वेळां कळ दाबावी लागते. नवशिक्यांना याचा राग येतो. मला तें योग्य वाटतें. ऱ्हस्व-दीर्घाची चूक झाली असतां अख्खें अक्षर कां घालवावें? खरी उणीव दुसरीच आहे. साध्या कारकुनाच्या मतें प्रत्येक चिन्ह एक घर व्यापतें. उकाराला स्वतःचें घर नसतें. तरी तो खोडला कीं कारकून पडद्यावर एक घर मागें सरकतो, आणि मग पडदा एक सांगतो व ओळ दुसरेंच असते. अशा वेळीं कंट्रोल धरून 'आर' दाबावी. कारकून हातांतली ओळ जशी आहे तशी पुन्हां लिहून दाखवितो. फारच गोंधळ झाला तर कंट्रोल-यू. सारी ओळ पुसली जाते, नव्यानें लिहावी. लांब मराठी मजकूर तर मी हल्लीं येथेंच लिहून, वाचून, मग फाईल म्हणून पुण्यास पाठवितों.

जातां जातां एक फजिती सांगतों. पावसाची झड चालू होती, आणि नोंद लिहितां लिहितां पडदा एकाएकीं थिजला. एकहि कळ चालेना. जोडणी तुटली असें समजून मीं भाच्याला दूरध्वनि केला. तो म्हणाला, "मामा, तुमी नेमकी खंयची कळ दाबलात?" मला आठवलें कीं लिहिलेलें जपून ठेवावें म्हणून संवयीनें मीं कंट्रोल-एस दाबलें होतें. 'एस' हें रोमन वर्णमालेंतील एकोणिसावें अक्षर, व १९ या अंकाचा अर्थ त्या जुन्या कागदी पट्टीच्या काळापासून 'थांबा' असा आहे. सतराव्या अक्षराचा, म्हणजे कंट्रोल-क्यूचा, अर्थ 'चालूं द्या'. तें दाबतांच मीं तोंवर आपटलेल्या सर्व कळा एकदम पडद्यावर ओतल्या गेल्या. ज्यांना ही संवय सुटत नाहीं त्यांनीं एसटीटीवाय, मोकळी जागा, वजाचिन्ह, आय, एक्स, ओ, एन असें लिहून ही रीत बंद करावी.

यादीचें काय केलें, तें सांगावयाचें राहिलें. प्रवेशाच्या फायलींतील ती जुनी ओळ भाच्यानें काढून टाकली. नोंदीच्या कार्यक्रमांत नांव विचारणारी 'रीड' ही आज्ञा होती. तिच्यापुढें वजाचिन्ह व 'ई' हें अक्षर घातलें. आतां साध्या कारकुनाऐवजीं बाण समजणारा कार्यक्रम ओळ सांभाळतो. मग साऱ्या वहींत २७ हा अंक कोठें कोठें लपला आहे याचा शोध केला, आणि अर्धवट उरलेले अंकहि हुडकले. एकंदर नऊ नांवें दूषित निघालीं. त्यांतील दोन देणगीदार हयात नाहींत. मूळ नांवें जुन्या पावतीपुस्तकावरून ताडून घ्यावीं लागलीं.

शुद्धिपत्र छापून घेतलें व पहिली प्रत घेऊन त्या गृहस्थांच्या घरीं गेलों. त्यांनीं चष्मा लावला, वडिलांचें नांव एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलें, आणि आंतून खळीची वाटी मागवून तें शुद्धिपत्र अहवालाच्या त्याच पानावर माझ्यादेखत चिकटविलें.